जालिंदरच्या तोंडावरचा टॉवेल

मी टॉवेल बोलतोय. हसू आलं ना? येऊ द्या. शाळेच्या निबंधात पेन बोलतं, छत्री बोलते, फाटकं पुस्तकसुद्धा गळा काढून बोलतं, ते तुम्ही मुकाट्यानं ऐकून घेता. टॉवेलानं तोंड उघडलं की मात्र तुम्हाला गंमत वाटते. पण माणसाच्या अंगाची खबर माझ्याइतकी कुणाला नसते. पेनाला हाताची बोटं तेवढी ठाऊक. मला मान ठाऊक आहे, आणि ही सगळी गोष्ट एका माणसाच्या मानेची आहे.

माझा जन्म सोलापूरचा. एका विणकर सहकारी सोसायटीच्या मागावर मी विणला गेलो. रंग पांढरा, दोन्ही टोकांना निळा पट्टा, अंगानं चांगला जाडजूड. लग्नसराईच्या तोंडाला आम्हा भावंडांचे गठ्ठे बांधले आणि टेम्पोत टाकून बीड जिल्ह्यात आणले. मला वाटलं, आता कुणाच्या तरी खांद्यावर जायचं, घाम टिपायचा, ऊन अडवायचं. कसलं काय!

आमच्याकडं लग्नात पाहुण्याला टॉवेल-टोपीचा आहेर करतात. पाहुणा 'कशाला, कशाला' म्हणत पुढं येतो, टोपी डोक्यावर टेकवतो, फोटो निघेपर्यंत ठेवतो आणि घरी गेल्यावर दोन्ही वस्तू पेटीत टाकतो. पुढच्या लग्नाला तीच टोपी, तोच टॉवेल दुसऱ्याच्या हातात. गेवराईत मी एका नवरदेवाच्या मामाला मिळालो. मामानं मला घाटनांदूरच्या व्याह्याला दिलं, व्याह्यानं आणखी कुणाला. जिलेबीचा वास मी पुष्कळ घेतला, बँडही पुष्कळ ऐकला, पण माझी घडी काही मोडेना. वापरायची वस्तू न वापरता जुनी होते तेव्हा तिला काय वाटतं, ते आम्हाला विचारा.

शेवटी तेलगावजवळच्या एका गावात लग्न निघालं. पंचशील झालं, फुलं टाकून झाली आणि नवरीचा मामा म्हणून जालिंदरच्या हातात मला ठेवण्यात आलं. जालिंदर म्हणजे चाळिशी ओलांडलेला, धिप्पाड, आखूड आणि जाड मानेचा गडी. मंडपात बसून तो घामानं निथळत होता. त्यानं इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही, मला एक झटका देऊन उलगडलं आणि सरळ मान पुसली.

त्याची बायको मनकर्णा शेजारच्या बायकांतून ओरडली, "अवं, घडी मोडली की! पुढल्या म्हैन्यात भिमाबाईच्या पोरीचं लगीन हाय, तिथं द्यायचा व्हता."

"भिमाबाईच्या पोरीचं लगीन पुढल्या म्हैन्यात हाय," जालिंदर म्हणाला. "घाम मला आत्ता आलाय."

त्या दिवसापासून मी त्याचा झालो. मनापासून सांगतो, मला तो माणूस लगेच आवडला.

जालिंदर त्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर होता. गळीत हंगामात बॉयलरपुढं उभं राहायचं, पाण्याची पातळी बघायची, घड्याळासारख्या तबकडीवरचा वाफेचा दाब बघायचा. काट्यानं लाल खूण गाठली की वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह फुसकारायचा, जादा वाफ बाहेर जायची आणि काटा पुन्हा जागेवर यायचा. त्या फुसकाऱ्यानं नवखी माणसं दचकत. जालिंदर मात्र समाधानानं मान डोलवायचा. "बोलतोय तवर भ्या न्हाई," असं तो म्हणायचा. कारखान्याचा भोंगा, ट्रॉल्यांची रांग, उसाच्या मळीचा वास हे सगळं आपल्या बॉयलरच्या जिवावर चालतं, असा त्याचा पक्का समज होता. गावात त्याला कुणी नुसतं जालिंदर म्हणत नसे. 'बॉयलरवाला जालिंदर' म्हणत, आणि तो ते ऐकून छाती काढून चालायचा.

तेव्हापासून मी त्याच्या मानेवर राहू लागलो. जबड्याखाली, मानेच्या दोन्ही अंगांना दोन जाड शिरा उडत असतात. माझं घरच तिथं. दिवसा त्या शिरा दणदण उडायच्या. मला वाटायचं, भट्टीपुढचा माणूस, उडणारच. पण तो झोपला की जे व्हायचं, त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

बरीच वर्षं जालिंदरची पाळी रात्रीची. दिवसा जेवून तो बाजेवर आडवा व्हायचा. माझं एक टोक मानेखाली आणि दुसरं तोंडावर, माश्या बसू नयेत म्हणून. तुमच्याही घरात कुणीतरी असंच झोपत असेल. मग घोरणं सुरू व्हायचं. मी त्याच्या तोंडावर वरखाली व्हायचो. घोरणं वाढत वाढत जायचं आणि एकाएकी थांबायचं. मी ओठांना, नाकाला चिकटून बसायचो. खाली छाती तर ओढत असायची, पण हवेचा कण माझ्यातून आत जात नसायचा. मानेखालच्या टोकाला शीर मंद मंद व्हायची. मग सगळं अंग गदकन हलायचं, मोठ्ठा हुंदका दिल्यासारखा दम सुटायचा, मी उडून छातीवर पडायचो आणि ती शीर अशी काही उसळायची की वाटायचं, आता फुटते. जरा वेळानं पुन्हा घोरणं आणि पुन्हा सगळं तसंच.

घरातली माणसं काय म्हणायची माहीत आहे? घोरणं चालू असलं की, "किती गाढ झोपलाय, थकलाय बिचारा." आणि घोरणं थांबलं की, "आता कसा शांत झोपला." मी त्याच्या तोंडावर गच्च चिकटलेला असायचो आणि मनकर्णा हळूच दार ओढून घ्यायची, आवाज होऊ नये म्हणून. मला ओरडता आलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

मग दुष्काळ आला. एक साल कोरडं गेलं, त्याला लागून दुसरंही गेलं. ऊस पाचटासारखा वाळला, शेतकऱ्यांनी तो जनावरांना घातला आणि कारखान्याचा हंगाम सुरूच झाला नाही. बॉयलर थंड पडला. जालिंदर एकदा उगाच जाऊन आला. बॉयलरच्या अंगाला हात लावून उभा राहिला आणि माझ्यात तोंड पुसून परत फिरला. तेव्हा काही घाम आलेला नव्हता.

गावच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेनं चारा छावणी काढायचं ठरवलं आणि शाळेच्या पत्र्याखाली सभा बोलावली. अध्यक्ष आप्पाराव. तेच कारखान्याचेही संचालक. आमच्याकडं एकदा माणूस अध्यक्ष झाला की तो सगळीकडंच होतो. सचिव अहवाल वाचत होता, लोक अहवाल संपायची वाट बघत होते आणि जालिंदर खांबाला टेकून झोपला होता. दिवसाही त्याला अशी झोप यायची, बसल्या बसल्या. पाण्याचा विषय निघाला.

"टँकरनं पानी आनायचं काम आपल्या जालिंदररावांनी घ्यावं, असा ठराव मांडतो," आप्पाराव म्हणाले. "जालिंदरराव, हाय का कबूल?"

त्याच क्षणी जालिंदरचा दम अडकला आणि हनुवटी माझ्यावर आपटली. मग दचकून मान वर आली आणि परत खाली गेली.

"बघा! एकदा इचारलं तर दोनदा मान हालिवली!" आप्पाराव खूश झाले. "असा मानूस पायजे!"

"मंजूर! मंजूर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्यांनी जालिंदर जागा झाला आणि सगळे वाजवतात म्हणून त्यानंही वाजवल्या. मग शेजारच्या दस्तगीरला हळूच विचारलं, "कावून टाळ्या वाजल्या रे?"

दस्तगीर हा तेलगावचा मोटारी-पंप दुरुस्त करणारा मिस्त्री, जालिंदरचा जुना दोस्त. तो म्हणाला, "मुंडी हालिवली ना तुमी, जालूभाऊ. आता उद्यापासून ट्रॅक्टर तुमीच हाकायचं."

चारचौघांत आता नाही कसं म्हणायचं? शिवाय हात रिकामेच होते. जालिंदर ट्रॅक्टरवर बसला.

धरणाच्या गाळातून उरलेलं पाणी उपसायचं, टँकर भरायचा, खडबडीत रस्त्यानं छावणीत आणायचा. छावणीतली जनावरं टँकरचा आवाज ओळखू लागली होती. लांबून ट्रॅक्टर ऐकू आला की दावणीतल्या गायी-म्हशी उभ्या राहायच्या. जालिंदरला त्याचं फार अप्रूप होतं. "बॉयलर न्हाई तर न्हाई, पन वाट बघनारं कुनीतरी हाय," असं तो मनकर्णेला सांगायचा.

आणि एका दुपारी, भरला टँकर घेऊन येताना, माझ्याखालची शीर मंद व्हायला लागली. मी ओळखलं. मानेवरून घसरून खाली पडावं, त्याला जाग यावी, असं मला फार वाटलं, पण घामानं मी गच्च चिकटलेलो. ट्रॅक्टर रस्ता सोडून उतारावरच्या बाभळीत गेला, टँकर कलंडला. जालिंदरला खरचटलं तेवढंच. पण पाणी गेलं. तहानलेल्या मातीनं ते बघता बघता पिऊन टाकलं. लोक घागरी घेऊन धावत आले तेव्हा नुसता चिखल उरला होता, आणि लांब छावणीत जनावरं उभीच होती.

आप्पाराव आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "तोंड उघड बे. वास बघू."

जालिंदरनं आयुष्यात कधी दारूला हात लावलेला नव्हता. त्यानं तोंड उघडलं. अपमानानं त्याची मान तापली, ती आग मला लागली. वास आला नाही, तेव्हा आप्पाराव आणखी चिडले.

"म्हंजी नुसती झोप लागली? भर दुपारा? आरं, असा मानूस उद्या बॉयलरवर कसा उभा करायचा? तिथं डुलकी लागली तर कारखाना आभाळात जाईल!"

आप्पारावांचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते जालिंदरच्या काळजाला लागलं. घरी येऊन तो मनकर्णेला एवढंच म्हणाला, "आता मला बॉयलर दिसत न्हाई." पाऊस येईल, ऊस येईल, भोंगा वाजेल आणि बॉयलरपुढं दुसराच कुणी उभा असेल, ही धास्ती त्याला खाऊ लागली.

त्यात रक्तदाबाचं दुखणं. वाढलेला दाब आधीच एका आरोग्य शिबिरात निघाला होता. एक गोळी सुरू झाली, मग दोन, मग तीन. दाब काही खाली बसेना. मनकर्णेनं भाजीतलं मीठ काढलं, लोणच्याची बरणी वर ठेवली, पापड बंद केले. दाब आपला वरच. आणि गंमत अशी, की एवढा दाब असूनही बाजेवरून झटकन उठला की जालिंदरला अंधारी यायची. खांब धरून उभा राहायचा. "दाब जास्त हाय म्हनतेत, आन उठलं की चक्कर येती. ह्ये कसलं गनित?" असं तो विचारायचा. गणित मानेतच होतं, पण विचारायचं कुणाला?

ट्रॅक्टर गेला आणि जालिंदरला चाऱ्याच्या गंजीवर राखणीला बसवलं. त्यात लोकांचा हिशेब असा, की हा माणूस घोरतो फार. घोरणं ऐकू येतंय म्हणजे राखणदार जागेवर आहे, भुरट्या चोराची हिंमत होणार नाही. दस्तगीर पंप बघायला यायचा तेव्हा चेष्टा करायचा, "जालूभाऊ घोरायलाय, म्हंजी कडबा सलामत हाय!" घोरण्याचा पगार मिळवणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात एकटा जालिंदरच असेल.

एका दुपारी मनकर्णा भाकरी घेऊन छावणीत आली. जालिंदर गंजीच्या सावलीला उताणा, मी तोंडावर. त्याला उठवावं की नको, या विचारात ती जवळच दगडावर टेकली. समोर हौदावर एक म्हैस पाणी प्यायला आली होती. जालिंदर जोरजोरात घोरत होता, मी वरखाली होत होतो. मग घोरणं थांबलं. मनकर्णेनं सुस्कारा सोडला, नेहमीसारखाच. पण आज दार ओढून घ्यायला दार नव्हतं. ती बसून राहिली, आणि सहज तिची नजर माझ्यावर पडली.

मी हलत नव्हतो.

म्हैस घोट घोट पाणी पीत होती. मी हलत नव्हतो. म्हशीनं मान वर केली, मिशांवरचं पाणी गाळलं, पुन्हा तोंड घातलं. मी तसाच, नाकाला चिकटलेला. मनकर्णेच्या हातातलं भाकरीचं फडकं गळून पडलं. ती "अवं!" म्हणून ओरडणार तेवढ्यात जालिंदरचं अंग हिसका देऊन उठलं, घशातून भला मोठा आवाज झाला आणि मी उडालो.

दुसरी बाई असती तर तिनं नवऱ्याला हलवून उठवलं असतं. मनकर्णेनं नाही उठवलं. तिनं मला उचलून पुन्हा त्याच्या तोंडावर ठेवलं, नीट पसरलं आणि बघत बसली. पुन्हा तेच झालं, आणि परत एकदा झालं. तोवर दस्तगीर पंपाकडून आला. तिनं त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि माझ्याकडं दाखवलं.

दस्तगीर बराच वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची चेष्टा उतरली. "या अल्ला," तो पुटपुटला. "वयनी, ह्ये घोरनं न्हाई. ह्यो मानूस झोपीत बुडायलाय."

मला सांगायला संकोच वाटत नाही, त्या दिवशी मला रडू आलं असतं. इतकी वर्षं मला जे ओरडून सांगायचं होतं, ते कुणीतरी पहिल्यांदा वाचलं होतं.

दस्तगीरच्याच ओळखीनं दोघं अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, गर्दीनं दमलेल्या, पण कान देऊन ऐकणाऱ्या. त्यांनी गोळ्या बघितल्या, दाब मोजला, जालिंदरला उभं करून पुन्हा मोजला. "झोप कशी आहे?"

"झोप लई चांगली हाय," जालिंदर म्हणाला. "पडलो की लागती. बसलो तरी लागती."

मनकर्णा पुढं झाली. "तेंला काय इचारता, बाई? त्ये तर झोपलेले असत्यात. मी सांगते." आणि तिनं जालिंदरच्या खांद्यावरून मला ओढलं, स्वतःच्या तोंडावर टाकलं आणि त्या दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत, नवरा कसा घोरतो ते करून दाखवलं. मग एकाएकी थांबली. डॉक्टरबाई बघत राहिल्या. बाकावरची माणसं हसायची थांबली. मनकर्णा श्वास घेईचना. आणि मग "हॅक्" करून तिनं असा काही दम सोडला की मी डॉक्टरबाईंच्या टेबलावर जाऊन पडलो.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी-आजोबांपासून सगळे येतात इथं, पण इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं."

झोपेची तपासणी झाली. अंगाला वायरी लावून जालिंदरला तिथंच निजवलं आणि सकाळी डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. त्यांनी जालिंदरच्या जबड्याखाली, माझ्याच जागेवर, दोन बोटं टेकवली.

"इथं, या शिरेत, दाब ओळखणारी एक जागा असते," त्या म्हणाल्या. "दाब वाढला की ती मेंदूला कळवते. मग हृदय हळू चालतं, नसा सैल पडतात, दाब उतरतो. तुम्ही उठून उभे राहता तेव्हा दाब खाली येतो, तेव्हाही तीच कळवते, की आता जरा चढवा. हे सगळं आपोआप चालतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण झोपेत तुमचा घसा मिटतो. छाती ओढते, हवा येत नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो. शरीर घाबरून नसा आवळतं. दम सुटला की दाब एकदम उसळतो. झोपेत हे पुन्हा पुन्हा होतं. वर्षानुवर्षं असं झालं की त्या जागेला चढलेला दाबच नेहमीचा वाटायला लागतो. ती कळवायची मंदावते. म्हणून दिवसाही दाब उतरत नाही आणि उठताना वेळेवर चढत नाही."

जालिंदरनं त्या जागेवर स्वतःचं बोट टेकवलं. मग हळूहळू म्हणाला, "म्हंजी बाई, सेफ्टी व्हॉल्व्ह हाय, पन त्येची स्प्रिंग आवळून बसलीया. ज्या दाबाला फुसकाराय पायजे, त्या दाबाला गप ऱ्हातोय."

"तसंच समजा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नुसत्या गोळ्या म्हणजे वाफ हातानं ढकलणं झालं. आधी झोपेतला दम मोकळा करायचा."

"मंग स्प्रिंग पुन्ना सैल हुईल?"

"पुष्कळांची होते. वेळ लागतो. वजन उतरवायचं, गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत आणि घसा उघडा ठेवणारं एक मशीन मिळतं, ते झोपताना रोज लावायचं."

जालिंदरनं विचारलं ते एवढंच, "बॉयलरवर उभा ऱ्हाऊ शकतो का मी?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत्ता नाही. पण त्यासाठीच तर उपचार करायचे." बाहेर आल्यावर व्हरांड्यात उभं राहून तो बराच वेळ माझ्यात तोंड खुपसून राहिला. मनकर्णेनं त्याला राहू दिलं.

मशीन यायला वेळ होता. तोवर उताणं झोपायचं नाही, कुशीवर झोपायचं, असं सांगितलं होतं. मनकर्णेनं माझ्यात जुन्या लुगड्याचा भला मोठा बोळा गुंडाळला आणि मला जालिंदरच्या पाठीवर करकचून बांधलं. उताणा व्हायला गेला की मी पाठीत टोचायचो. जालिंदर शिव्या द्यायचा आणि कुशीवर व्हायचा. मला काय, मी आनंदानं शिव्या खाल्ल्या. तोंडावर पडून नुसतं बघत राहण्यापेक्षा ते बरं होतं.

कारखान्याच्या कामगार पतसंस्थेनं हातभार लावला आणि मशीन आलं. लहानसा डबा, त्याला नळी, नळीला नाकावर बसणारा मास्क. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवायचा, एवढंच त्याचं काम. पहिल्यांदा तो अवतार बघून शेजारपाजारचे जमले. पण आमच्याकडं लाईटीचा काय भरवसा? दस्तगीरनं एका जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली, इन्व्हर्टर जोडला, दोनदा बिघडवला, तिसऱ्यांदा नीट बसवला आणि म्हणाला, "लाईट गेली तर जाऊ द्या, भाऊचा दम जानार न्हाई."

जालिंदरला सुरुवातीला ते मुळीच झेपेना. "नाकावर म्हैस बसल्यावानी वाटायलंय," म्हणून त्यानं मास्क काढून फेकला. मनकर्णेनं उचलून पुन्हा बांधला. "बॉयलर पायजे ना? मंग ह्ये लावा." हे एवढं वाक्य तिनं त्या दिवसांत किती वेळा म्हटलं असेल! पट्ट्यानं गालाला वळ उठला तर पट्ट्याखाली मऊ कापड हवं होतं. तिनं मला बघितलं, कात्री घेतली आणि माझा एक निळा काठ कापून दोन पट्ट्या केल्या. दुखलं का? थोडंसं. पण कशासाठी कापलं ते मला कळत होतं.

मग मानेची गोष्ट बदलू लागली. आधी दुपारची डुलकी गेली. मग एक दिवस बाजेवरून उठताना त्यानं खांब धरला नाही. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं. खाली ती शीर, जी इतकी वर्षं दणादण आपटायची, ती हळूहळू सैल पडत होती. तो उठला की क्षणभर जरा जोरात चालायची, मग आपली आपण जागेवर यायची. आतल्या कुणाला तरी पुन्हा बोलता येऊ लागलं होतं. डॉक्टरबाईंनी एक गोळी कमी केली, पुढं आणखी एक. तिसरी राहिली. राहू दे. मनकर्णेनं लोणच्याची बरणी खाली काढली नाही ती नाहीच.

त्या साली पाऊस बरा झाला आणि त्याच्या पुढच्या हंगामाला ऊस उभा राहिला. बॉयलर पेटवायचा मुहूर्त धरला. जालिंदर डॉक्टरबाईंचा होकार घेऊन आप्पारावांपुढं उभा राहिला. आप्पारावांनी लगेच मान्य केलं नाही. आधी महिनाभर दुरुस्तीच्या कामावर दुसऱ्या माणसाबरोबर ठेवलं, स्वतः दुपारी येऊन येऊन डोकावले. डुलकी काढताना सापडेल म्हणून आलेले आप्पाराव तिथल्याच खुर्चीवर पेंगायचे, जालिंदर त्यांना चहा सांगायचा.

अग्निप्रदीपनाच्या दिवशी मांडव घातला होता. बॉयलरमध्ये पहिला जाळ पडला, धूर निघाला आणि आप्पारावांनी माईक धरला. "आपले बॉयलरवाले जालिंदरराव," एवढंच ते म्हणाले, आणि सत्कार म्हणून कोरी टॉवेल-टोपी पुढं केली. ते शब्द ऐकले आणि जालिंदरचे डोळे भरून आले. मांडवात मनकर्णेनं पदर डोळ्यांना लावला. मी त्याच्या खांद्यावर होतो, एक काठ नसलेला, विटलेला. मी त्या कोऱ्या टॉवेलाकडं बघितलं. गेलो आता पोतेऱ्यात, असं वाटलं.

जालिंदरनं टोपी घातली. टॉवेल हातात घेऊन त्याला एक झटका दिला आणि भर मांडवात त्याची घडी मोडली. मग तो आप्पारावांच्या खांद्यावर टाकला.

"आप्पा, ह्यो तुमालाच ऱ्हाऊ द्या. दुपारी तोंडावर टाकून निजत जावा. आन काकूंना म्हनावं, उठून जाऊ नका, जरा बसून बघा."

मांडव हसून हसून लोटपोट झाला. आप्पारावही हसले. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी दगडाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि मनकर्णेशेजारी येऊन बसल्या. "काय बघायचं गं बसून?" असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. बॉयलर तापेपर्यंत दोघींचं बोलणं संपलं नव्हतं.

आता मी पार जीर्ण झालोय. हंगामात जालिंदरच्या मानेवर असतो. घरी खुंटीवर असतो, मास्कच्या शेजारच्या खुंटीवर. पहिल्यांदा त्या मास्कचा मला राग यायचा, आता नाही येत. आम्ही दोघं एकाच माणसाचे.

माझं तुमच्याजवळ मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात कुणी दुपारचं तोंडावर टॉवेल टाकून घोरत असेल, तर घोरणं थांबल्यावर 'आता शांत झोपला' म्हणून दार ओढून घेऊ नका. जरा थांबा. त्या टॉवेलाकडं बघा. तो हलतोय का, तेवढं बघा, आणि हलत नसेल तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका. मनकर्णेसारखं करून दाखवावं लागलं तरी करून दाखवा.

छावणीतल्या त्या दुपारनंतर कित्येक दिवस मनकर्णेची नजर माझ्यावर खिळलेली असायची. जालिंदर आडवा झाला की ती हातातलं काम टाकून बसायची, डोळ्याची पापणी न हलवता माझ्याकडं बघत. आज दुपारी जालिंदरनं मास्क लावला आणि झोपला. मी खुंटीवर होतो. मनकर्णा आत आली, खुंटीवरून मला ओढलं, ओले हात पुसले, मला तसंच बाजेच्या कडेवर टाकलं आणि त्याच्याकडं पाठ करून खुशाल झोपी गेली. तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.